सोपानला शिकवलेलं रूपक

चहा प्या निवांत, पण मला 'मास्तर, मास्तर' म्हणून मान देऊ नका. का ते सांगतो. ऐकून कप खाली ठेवाल!

पिंपरीत नवा कारखाना उभा राहत होता तेव्हाची गोष्ट. कासारवाडीच्या देवळात मी दर रविवारी इंग्रजी शिकवायचो. फुकट! आणि फुकट शिकवणाऱ्याची मिजास काय असते, ते तुम्हाला ठाऊकच आहे.

माझा लाडका विद्यार्थी सोपान. त्याची जमीन कारखान्यात गेली, बैलजोडी विकावी लागली. आता मशीनवर काम मिळवायचं, तर साहेबासमोर इंग्रजीत बोलायला हवं होतं. नाहीतर हमाली होतीच.

"साहेब विचारेल, तुला का घ्यावं? काय सांगशील?"

"आय वर्क हार्ड."

छान होतं हो! साधं, सरळ. पण मी आदल्याच रविवारी रूपक शिकवलेलं, त्याची धुंदी उतरली नव्हती.

"छे! मिळमिळीत! तुझ्या घरी सगळ्यात जास्त कोण राबायचं?"

"आमचा सर्जा. बैल." त्याचा आवाज जरा बसला.

मला कुठलं कळायला? "मग म्हण, मी बैलासारखा आहे. आता 'सारखा' काढून टाक. मी बैल आहे! आय ॲम अ बुलक! झालं रूपक!"

"साहेब हसंल की, मास्तर."

"साहेबाला इंग्रजी तू शिकवणार का?"

मुलाखतीत सोपान तेच बोलला आणि साहेब हसला. सोपानच्या खांद्यांकडे बघितलं आणि कागदावर 'हातगाडी' लिहून मोकळा झाला. लोखंड भरलेली हातगाडी! रोज ओढायची!

मी सोपानवरच चिडलो. "अरे, हे नुसतं रूपक आहे, असं सांगायचंस ना!"

"तुमीच म्हनला 'सारखा' काढायचा. साहेबानं काढला."

शांतपणे म्हणाला. शिव्या दिल्या असत्या, तर बरं वाटलं असतं मला. साहेबाकडे जाऊन चूक कबूल करावी, असं रोज मनात यायचं. गेलो नाही. का? साहेबासमोर इंग्रजी बोलायची मला भीती वाटायची!

पोळ्याला सोपान दारात उभा. तळहातांना घट्टे, हातात फडक्यात बांधलेल्या पुरणपोळ्या.

"गोठा रिकामा हाय, मास्तर. म्हातारीनं सवयीनं बैलांचा वाटा काढला. म्हनलं, तुमाला द्यावा."

खाल्ला मी. त्याला बिचाऱ्याला माहीतही नसेल, पण त्या वर्षी बैलांचा वाटा बरोबर बैलालाच पोचला होता.