समोर लय जागा हाये

देवसिंगकाका फुटबॉलची मॅच कधी बसून बघत नसत. एस.टी.त कंडक्टर म्हणून नोकरी उभ्यानं झाली, निवृत्तीही उभ्यानंच चालली होती. मॅच सुरू झाली की ते मैदानाभोवती फेऱ्या घालत, आणि रेषेवर गर्दी करणाऱ्यांवर ओरडत, "समोर सरका बावा, समोर लय जागा हाये!" समोर प्रत्यक्षात मैदान असायचं. लोक सरकले की पुन्हा स्वतःच ओरडत, "आता मागं व्हा!"

आमच्या नेर गावात फुटबॉलचे दोन संघ. एक गावाचा, एक काकांच्या तांड्याचा. तांड्याचं मैदान रस्त्याच्या कामात गेलं, तेव्हा दोघांना एकच मैदान वाटून घेणं भाग पडलं. खेळाडूंचं दोन दिवसांत जमलं. जमेना ते बघणाऱ्यांचं. दोघांची वेगळी मंडळं, वेगळे ढोल आणि वेगळ्या शिव्या. गावच्या मंडळाचा सेक्रेटरी मी होतो. हे पद मला आवाजामुळे मिळालं होतं, डोक्यामुळे नाही.

सगळं भांडण सावलीचं. मैदानाच्या पश्चिमेला कडुलिंबाची रांग, दुपारी तेवढीच थंड जागा. पहिल्याच मॅचला तिच्यावरून खुर्च्या उडाल्या. नगरपंचायतीच्या साहेबांनी निरोप धाडला: दोघांचं एक मंडळ करा, शांततेत एक मॅच करून दाखवा, नाहीतर फुटबॉल बंद, मैदान प्रदर्शनाला देतो.

काका तडक माझ्या घरी आले. चहा ठेवला होता, पण बसायला तयार नाहीत, अंगणातच येरझारा.

"हे ग्राउंड गेलं तं माह्या तांड्याचे पोट्टे कुठं खेळतीन? रस्त्यावर? काहून भांडता बे तुम्ही लोक?"

"काका, सावली आमची हाये. पहिल्यापासून."

"सावली काय तुह्या बापानं लावली? खेळणारे हाफ टाइमले बाजू बदलतात ना? मंग तुम्हीही बदला."

झालं, तेच ठरलं. पहिला हाफ तांडा सावलीत, आम्ही उन्हात. दुसरा हाफ उलट. एकमेकांच्या वाटेत कुणी यायचं नाही म्हणून वाटाही ठरल्या. आम्ही शाळेकडच्या गोलामागून जायचं, त्यांनी टाकीकडच्या. काकांनी मला दोनदा म्हणायला लावलं, "शाळेकडून." मी दोनदा म्हटलं.

मॅचच्या दिवशी साहेब स्वतः येऊन बसले. पंचेचाळीस मिनिटं ऊन खाऊन माझी टाळू तापलेली. शिट्टी वाजली. दाट सावली टाकीकडच्या कोपऱ्यात, आणि ती वाटही आम्हाला जवळची. मी ढोल उचलला आणि शे-दीडशे माणसं घेऊन टाकीकडे सुटलो. तांड्याची माणसं उठायच्या आत कोपरा गाठायचा, असा माझा हिशेब.

ती उठलेली होती. गोलाची जाळी आणि मागची भिंत यांच्यामध्ये दोन माणसं जातील एवढीच वाट. तिथं तीनशे माणसं समोरासमोर अडकली.

"काय बे सेक्रेटरी," तांड्याचे बळीरामभाऊ म्हणाले, "शाळेत गेलता का कधी? शाळा तिकडं हाये."

"रस्ता चुकलो भाऊ."

"सावलीचा बरा सापडला!"

मागून रेटारेटी सुरू झाली. कुणीतरी काठी वर केली. काका पलीकडून धावत येत होते, त्यांचा चेहरा पांढराफटक. एवढ्यात रेफरीनं दुसरा हाफ सुरू केला, आणि पहिलाच फटका गोल चुकवून थेट माझ्या नाकावर बसला. मी ढोलासकट बळीरामभाऊंच्या अंगावर कोसळलो. मग तांडा हसला, आणि त्याहून मोठ्यानं माझं स्वतःचं मंडळ हसलं. बळीरामभाऊंनी गमछ्यानं माझं नाक दाबून धरलं. वाट मोकळी होईपर्यंत सगळे तिथंच, एकमेकांच्या खांद्यावरून मान काढून मॅच बघत राहिले.

साहेब आले. "हा काय प्रकार आहे?"

"एकच मंडळ हाये साहेब," काका धापा टाकत म्हणाले. "दोन असते तं आतापावतर डोके फुटले असते."

"आणि यांचं नाक?"

"बॉल लागला. बॉल कोण्याच मंडळाचा नसते."

साहेब हसले. मैदान राहिलं, मंडळही एकच झालं. दोन्हीकडची माणसं अशी मिसळून टाकायची ही काकांचीच युक्ती, असं गावभर झालं. वाट चुकलेला मी, तो चुकलेलाच राहिलो.

चार वर्षांपूर्वी यवतमाळच्या दवाखान्यात त्यांना भेटायला गेलो. आयुष्यात पहिल्यांदा ते आडवे दिसले. तिथंही पाय हलतच होते. मला राहवलं नाही.

"काका, त्या दिवशी मी चुकलो नव्हतो. सावली हडपाले गेलतो."

"मले तेव्हाच समजलं. साहेबासमोर कायले बोलू? ग्राउंड गेलं असतं." मग हळूच म्हणाले, "आता कोनाले सांगू नोको. लोक समजतात, आयडिया माही होती."

आठवड्यात ते गेले. मी शब्द पाळला. पण परवा काही नवे लोक वेगळ्या मंडळाची भाषा करू लागले, तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. म्हणून आज सांगून टाकतो. हे मंडळ एका लबाडानं आणि त्याला पाठीशी घालणाऱ्या एका माणसानं जमवलं. मोडायला फार अक्कल लागणार नाही, आणि आता पाठीशी घालणारा कुणी नाही.