त्या घराला ‘काचेवाले’ का म्हणतात

ही हकीकत सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. कोणी विषय काढला की चहा टाकायच्या निमित्ताने आत जायचो. आता टाळायचाही कंटाळा आला आहे.

पूर्णगडच्या अलीकडे, खाडीच्या तोंडाशी आमचं गाव. तिथल्या शाळेत मी पीटीचा मास्तर होतो आणि निवृत्तीनंतरही गावच्या फुटबॉल संघाला शिकवत राहिलो. आमच्याकडे सामने पुळणीवर, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूवर होतात. ओहोटी लागली, वाळू घट्ट झाली की सुरू. स्पर्धाही आखातात नोकरीला गेलेले सुट्टीवर येतात तेव्हाच ठेवतात. आमचा सगळ्यात भरवशाचा गडी असाच दुबईहून यायचा. बचावाला उभा राहिला की त्याच्या अंगावरून चेंडू पुढे जात नसे. त्या वर्षी अंतिम सामन्यासाठी म्हणून त्याने साहेबाला विनवून सुट्टी वाढवून घेतली होती.

उपांत्य सामन्यात चेंडू डोक्यावर घ्यायला तो उडाला आणि समोरच्याच्या कपाळावर आदळला. मी त्याला बाहेर काढलं. घरी चालत येताना त्याने विचारलं, “सर, जिंकलो ना आपण?” मी हो म्हटलं. मशिदीच्या वळणापर्यंत आलो तोवर त्याने तेच पुन्हा विचारलं.

स्पर्धेत नवा नियम आला होता. डोक्याला मार लागून आठवण गोंधळली, तर निदान आठवडाभर मैदानात उतरायचं नाही, आणि नंतरही डॉक्टरने हो म्हटल्याशिवाय नाही. सगळ्या गावांच्या बैठकीत तो मीच मांडला होता. अंतिम सामना दोनच दिवसांवर होता.

दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी गेलो.

“सर, डोकं अजिबात दुखत नाही.”

“प्रश्न दुखण्याचा नाही रे.”

“पुढच्या वर्षी साहेब सोडेल कशावरून?”

ओटीवर त्याचे वडील जाळं सांधत बसले होते. वर न बघताच म्हणाले, “मास्तर सांगतायत ते ऐक. डोकं काय जर्सी आहे, फाटलं तर दुसरं घालायला?”

त्याने जाळ्याचं सुटलेलं टोक वडिलांना धरून दिलं. मग म्हणाला, “बरं. पण मला तुम्ही बसवलंत हे लोकांना तुम्हीच सांगा, सर. नाहीतर म्हणतील, घाबरला.”

“ते माझ्यावर सोड,” मी म्हणालो.

त्याला बसवलं याचं मला आजही वाईट वाटत नाही. ते बरोबरच होतं.

सामन्याच्या दिवशी गावातली एकही होडी पाण्यात गेली नाही. सगळं गाव पुळणीवर. एक म्हातारा होडीवाला, आवाज असा की पलीकडच्या गावाला ऐकू जावा, मला म्हणाला, “मास्तर, आपला गडी कुठाय? का वो, तुमचा तो नवा नियम आपल्याच माणसाला लावलात?”

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. माझ्या तोंडून निघून गेलं, “छे छे. मी तयार होतो. तोच नको म्हणाला.”

तो माझ्या मागेच उभा होता. चारचौघांत मास्तरांना खोटं पाडायचं नाही, अशा वळणाचा मुलगा. वाळूकडे बघत राहिला.

आम्ही हरलो. दुसऱ्या दिवशी मासळीच्या लिलावात तेवढाच विषय. “काचेचं डोकं हो त्याचं! दुबईहून येताना भुशात गुंडाळून आणतो!” लोक पोट धरून हसले. आमच्याकडे असं नाव माणसाला पडतं आणि घराला चिकटतं. तेव्हापासून ते घर काचेवाल्यांचं. तो पुन्हा खेळला नाही, आणि स्पर्धेच्या दिवसांत कधी गावी आला नाही.

टपरीवर एकदा मी धीर करून म्हटलं, “अहो, ते तसं नव्हतं. तो खेळायला तयार होता.”

“सर, तुम्ही मनाने मोठे,” एक जण म्हणाला. “अजून त्याचं झाकताय.”

बाकीच्यांनी माना डोलावल्या. मीही पुढे काही बोललो नाही. खरं सांगायचं तर, ते मोठेपण मला आवडलं.

मागच्या वर्षी त्याचे वडील गेले. तो आला तेव्हा कानशिलावरचे केस पिकलेले दिसले. अंगणात माणसं रांगेने भेटत होती. माझी पाळी आली तेव्हा मी त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि वडील चांगले होते, एवढंच बोललो. “तब्येत सांभाळा, सर,” तो म्हणाला. मागचा माणूस पुढे सरकला. आठवड्याने घराला कुलूप लावून, आईला घेऊन तो गेला.

त्या अंगणात, सगळ्यांच्या देखत, मला म्हणायचं होतं: तुला मी बसवलं होतं. तू खेळायला तयार होतास, आणि मी लोकांच्या भीतीने तुझं नाव पुढे केलं. घाबरलो तो मी. मला माफ कर.