माहेरचा चढ

घाटघरला एसटीतून उतरलं की माझ्या माहेरचं घर समोरच दिसतं. मधे भाताची खाचरं आणि मग एक चढ. लग्नाआधी मी तो चढ डोक्यावर हंडा घेऊन चढायचे, आणि मागं धापा टाकणाऱ्या मैत्रिणींना वरून हसायचे. फार शहाणी होते ना मी.

मग निमगाव सावाला सून म्हणून आले. चुलीपुढं जन्म गेला, वर तव्यावर मिश्री भाजायची हौस. पन्नाशी उलटली आणि छाती वाजायला लागली. नारायणगावचे डॉक्टर म्हणाले, हा साधा दमा नाही, फुप्फुसं झिजलीत, ती काही भरून यायची नाहीत. त्यांनी तोंडात मारायचा पंप दिला. घरच्यांनी मला खाटेवर बसवलं. सून पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देईना. आजारी माणसाला हलू न देणं हीच आमच्याकडची माया. मलाही ते गोड लागलं. टीव्हीतल्या हिंदी सासवांसारखं नुसत्या डोळ्यांनी घर चालवायचं, असा माझा थाट. या थाटात अंगणसुद्धा लांब वाटायला लागलं.

भाऊबीजेला मी माहेरी जायचे, ते थांबलं. धाकटा भाऊच इकडं येऊ लागला. ओवाळून घ्यायचा, जेवायचा, आणि निघताना दारात घुटमळायचा. एकदा बोललाच, "आक्का, तू न्हाई आली तर सणाला घर लई ओकंबोकं वाटतं गं."

पुढच्या खेपेला मी डॉक्टरांना सांगितलं, मला माहेरच्या घरी चढून जायचंय. त्यांनी आधी मला खाटेवरून उठायला सांगितलं. रोज चालायचं, दम लागला की थांबायचं, नाकानं श्वास घ्यायचा आणि बशीतल्या चहावर फुंकर घालावी तसा ओठांतून हळू सोडायचा. धाप लागली म्हणून घाबरायचं नाही.

धापेला मी घाबरत नव्हते, गावाला घाबरत होते. आमच्याकडं बाई शेतावर जाते, विहिरीवर जाते, लग्नाला नाहीतर मयताला जाते. रिकाम्या हातानं उगीच चालणारी बाई कुणी पाहिली होती? म्हणून मी दुधाची किटली घेऊन डेअरीच्या रस्त्यानं निघायचे. माझी अक्कल बघा, घरची म्हैस विकलेली अख्ख्या गावाला ठाऊक होती. शेजारणीनं चार दिवस कळ काढली, मग वाटेतच गाठलं.

"म्हस तर इकली की वो तुमी, आत्याबाई. मग किटलीत काय, ताक व्हय?"

उत्तर जिभेवर होतं, पण श्वास नव्हता. माझ्या बाबतीत असं पहिल्यांदाच झालं. दुसऱ्या दिवसापासून किटली घरी राहिली आणि शेजारीण माझ्याबरोबर चालू लागली. ती बोलायची, मी फुंकायचे.

पुढच्या दिवाळीपर्यंत मी ओढ्यापर्यंत जाऊन परत येत होते. भाऊबीजेला मुलाला घेऊन एसटीत बसले. घाटघरला भाऊ उभा होता. खाचरांतली सपाट वाट मी थांबत थांबत पार केली. चढ लागला. एका बांधापर्यंत गेले, दुसऱ्या बांधापर्यंत गेले. मुलाच्या हातातला पंप घेऊन मारला, बसले, पुन्हा उठले. तिसऱ्या बांधावर पाय उचलेना. माहेर दिसल्यावर छातीला बळ येईल, असं मी मनाशी धरलं होतं. छातीला असलं काही कळत नाही.

"पाठीवं बस," भाऊ म्हणाला.

"न्हाई. मला चालत यायचं व्हतं."

मग घराकडं हाक मारून त्यानं वहिनीकडून ताट मागवलं, आणि कापलेल्या भाताच्या पेंढ्यांवर मांडी घालून बसला. वाऱ्यानं निरांजन सारखं विझायचं. त्यानं दोन्ही हातांचा आडोसा धरला आणि मी त्याला तिथंच ओवाळलं. आम्ही लाडू खाल्ला. आईबापाच्या कौलांवर ऊन आलेलं मी किती वर्षांनी बघत होते.

वहिनी म्हणाली, सकाळीच दारात मोठी रांगोळी काढलीय तुमच्यासाठी.

मी मान वर करून बघितलं. दार दिसत होतं, रांगोळी काही दिसली नाही.