निंभोरकर साहेबांचा गिअरबॉक्स

माया तायडेचं गॅरेज बडनेरा रोडवर आहे. आयटीआयला मोटर मेकॅनिकच्या वर्गात ती एकटीच मुलगी होती. पुढची आठ वर्षं तिने नागपूरच्या एका वर्कशॉपमध्ये ऑटोमॅटिक गाड्यांचे गिअरबॉक्स खोलले आणि बसवले, मग अमरावतीला परत येऊन स्वतःचं शटर उघडलं. हात चांगला आणि जीभ सरळ. खरं असेल ते गिऱ्हाइकाला सांगून टाकायचं, ही तिची सवय. या सवयीमुळे सुरुवातीला तिच्याकडे फारसं कोणी फिरकत नसे.

शेषराव निंभोरकर मात्र पहिल्यापासूनचे. भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेले. लेक सीमा अकोल्याला दिलेली, म्हणून साहेब आणि त्यांच्या बाई दर शनिवारी गाडीने अकोल्याला जात. गुडघ्यामुळे क्लच दाबवत नसे, म्हणून गाडी ऑटोमॅटिक. तिच्यावर साहेबांचा फार जीव.

साठ हजार किलोमीटर झाले तेव्हा माया म्हणाली, "साहेब, गिअरबॉक्सचं ऑइल बदलून टाकू. आठेक हजार लागतीन."

"आताच तर बदललं न तू?"

"ते इंजिनचं. हे वेगळं."

साहेबांनी डॅशबोर्डातून कंपनीचं पुस्तक काढलं, चष्मा चढवला. गिअरबॉक्सचं ऑइल 'तपासावे' असं त्यात होतं. 'बदलावे' असं नव्हतं. ज्या माणसाने तीस वर्षं सरकारी कागद वाचले, त्याला एवढा फरक पुरेसा होता.

"मंग तपास," ते म्हणाले. "बदलाचं नाई."

त्याच महिन्यात त्यांनी गाडीला नऊ हजारांची सीटकव्हरं घातली.

नव्वद हजारांवर गाडी झटके देऊ लागली. चौकात सिग्नल सुटला की आधी इंजिन ओरडायचं, मग सवडीने गाडी निघायची. साहेब स्वतः आले. "हं, बदल आता तुयं ते ऑइल."

मायाने थोडं ऑइल काढून बोटावर घेतलं. काळं होतं आणि जळका वास येत होता.

"आता नका बदलू साहेब. आतल्या चकत्या झिजल्या. नव्या ऑइलनं त्या काही भरून येत नाईत. गिअरबॉक्स खोला लागते."

"त्याचे किती?"

"लाखाच्या वर जाईन."

साहेब हसले. "पहिले म्हणे बदला, आता म्हणे नका बदलू. एक काहीतरी ठरव न बाई! मी सांगतो, बदल."

तिने बदललं. चार दिवस गाडी लोण्यासारखी चालली. साहेबांनी फोन करून तसं कळवलंही. पाचव्या दिवशी, शनिवारी, अकोल्याहून परतताना मूर्तिजापूरच्या पुढे इंजिन गुरगुरत राहिलं आणि गाडी जागची हलेना. क्रेनवाल्याने ती मायाच्या दारात आणून सोडली.

वीस दिवसांनी गाडी तयार झाली. साहेब आता शिव्या घालतील म्हणून माया तयारीत होती. पण साहेबांनी मुकाट्याने एक लाख दहा हजार दिले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"तुयी चूक नाई, पोरी. तू सांगतच होती, नका बदलू. तुयंच ऐकाले पायजे होतं."

"साहेब, ते साठ हजारावर बदललं असतं तं..."

"जाऊ दे. ऑइल बदललं अन् पाचव्या दिवशी गेला. आता समजलं."

तेव्हापासून सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींत साहेब या विषयातले जाणकार झाले. गिअरबॉक्सच्या ऑइलला हात लावू नका, खुद्द मायाताई सांगते, असं ते सगळ्यांना सांगत. दोन वर्षांत त्यांच्या कॉलनीतल्या तीन गाड्या क्रेनने मायाकडे आल्या. प्रत्येक जण तिचं नाव घेऊनच आला. तिने दारावर पाटी लावली: गिअरबॉक्सचं ऑइल वेळेवर बदला. लोक वाचून हसत आणि म्हणत, धंदा आहे, लिहावंच लागते. खरं सांगून जी कमाई होत नव्हती, ती आता होऊ लागली. गाड्या उचलायची दुसरी लिफ्ट आली, तिचा नारळ साहेबांनीच फोडला. मायाने टाळ्या वाजवल्या, पण तिला काही गोड लागलं नाही.

साहेबांच्या गाडीचे पुढचे चाळीस हजार झाले तेव्हा त्यांनी ती फक्त धुवायला टाकली. मायाने गाडी आत घेतली, जुनं ऑइल काढलं, लालसर नवं भरलं आणि बिलावर लिहिलं: धुलाई, चारशे.

गल्ल्यावर बसलेल्या तिच्या आईने, मैनाबाईने, हे पाहिलं. "ऑइलचे पैसे कावून नाई घेतले?"

"घेतले तं सांगा लागते. सांगितलं तं बदलू देत नाईत."

"मंग जाऊ द्याचं. पुन्हा बिघडली तं लाख भेटले असते."

"गिअरबॉक्स माझ्या हातचा आहे, आई."

मैनाबाईने कपाळाला हात लावला.

परवा साहेब एका नव्या माणसाला घेऊन आले. शेजारच्या योगेशने नवी ऑटोमॅटिक गाडी घेतली होती. साहेबांनी स्वतःच्या बॉनेटवर थाप मारली.

"पाहून घे. गिअरबॉक्स खोलून भरला त्याले पाच वर्षं झाली. ऑइलचा थेंब बदलला नाई, अन् एक झटका नाई. खोटं वाटत असीन तं मायाले विचार."

योगेशने मायाकडे पाहिलं. साहेबही अभिमानाने पाहत होते.

"गाडी एकदम बरोबर आहे," माया म्हणाली. मग योगेशला म्हणाली, "तुमी तुमची धुवाले माझ्याकडेच आणत जा."