तिरक्या कोपऱ्याची पट्टी

हे लिहायचं मी पाच वर्षं टाळलं, आणि टाळायला माझ्याकडे कारणं उत्तम होती. आधी उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू होता, मग डाव्याचा. दोन्ही झाल्यावर बायकोने विचारलं, "अहो, डोळे संपले. आता काय?" मग माझा गुडघा दुखायला लागला.

विमानांच्या देखभालीत माझा जन्म गेला. शेवटची वीस वर्षं इथे सिंगापूरमध्ये मी इन्स्पेक्टर होतो. इन्स्पेक्टर म्हणजे स्वतः काही न करता दुसऱ्याच्या कामावर सही करणारा माणूस. आमच्या धंद्याचं एकच वाक्य: जे ड्रॉइंगमध्ये नाही, ते विमानावर नाही. या वाक्यामुळे विमानं आकाशात राहतात, हे खरं. पण ते वाक्य मी घरीही आणलं. स्वयंपाकघरातली फळी बसवायला आलेल्या माणसाकडे मी ड्रॉइंग मागितलं होतं. तो परत आला नाही. फळी अजून नाही.

निवृत्तीनंतर मी एका मॉडेल क्लबात जायला लागलो. नातवंडं असलेली माणसं तिथे प्लास्टिकची विमानं चिकटवत बसतात आणि एकमेकांना अगदी गंभीरपणे ब्रश सुचवतात. वर्षातून एकदा कम्युनिटी क्लबच्या हॉलमध्ये प्रदर्शन असतं. खऱ्या विमानांवर सह्या केलेला मी एकटाच, म्हणून मला परीक्षक केलं. मी नको नको म्हणालो, पण एकदाच.

त्या वर्षी विषय होता दुसऱ्या महायुद्धातली दोन इंजिनांची बॉम्बर विमानं. ही विमानं बनवली होती उंचावरून बॉम्ब टाकायला. पण उंचावरून टाकलेला बॉम्ब खाली पोचेपर्यंत जहाज वळून निघून जायचं. मग ऑस्ट्रेलियातल्या वर्कशॉपमधल्या मेकॅनिक लोकांनी नाकातली काच काढली, नेम धरणाऱ्याची जागा रिकामी केली आणि तिथे चार जड मशीनगन बसवल्या. आणखी दोन-दोन दोन्ही कुशींना. आता विमान जहाजाच्या डोलकाठीएवढं खाली उतरायचं आणि समोरून गोळ्यांचा झोत सोडायचं. नाक जड झालं म्हणून शेपटीत शिसं भरलं. कुशीच्या बंदुकांच्या हादऱ्याने पत्रा तडकायचा, रिव्हेट उडायचे, म्हणून बंदुकीच्या तोंडापाशी पत्र्यावर दुसरा पत्रा ठोकला. कारखान्याला कोणी विचारलं नाही. हाताशी असेल ते लावलं. म्हणून दोन विमानं एकसारखी नसत. पुढे कारखान्याने बंदुका आपल्या ड्रॉइंगमध्ये घेतल्या, ठिगळं नाही.

हे सगळं मला कसं ठाऊक? प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी मीच यावर चाळीस मिनिटं भाषण केलं होतं. "मैदानावरच्या मेकॅनिकची बुद्धी कुठल्याही ड्रॉइंगमध्ये सापडणार नाही," हे माझं शेवटचं वाक्य. टाळ्या पडल्या. मी दोन करी पफ खाल्ले आणि दुपारी कारखान्याचं ड्रॉइंग हातात घेऊन परीक्षणाला बसलो.

तिसऱ्या टेबलावर एक चिनी आजोबा उभे होते. इथल्या रीतीने सगळे त्यांना अंकल म्हणत, मीही म्हणायचो. जहाजाच्या गोदीत वेल्डर म्हणून जन्म काढलेला माणूस, माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. मॉडेल असं सुरेख की मला रागच आला. काहीतरी सापडायलाच हवं होतं, आणि ते डाव्या कुशीवर सापडलं. बंदुकीच्या तोंडापाशी नखाएवढी पट्टी, तिचा खालचा कोपरा तिरका कापलेला.

"अंकल, ही पट्टी ड्रॉइंगमध्ये नाही."

"माझ्या बाबांनी लावली, इन्स्पेक्टर," ते म्हणाले. त्यांचे वडील खलाशी. युद्धात बोट ऑस्ट्रेलियात अडकली आणि विमानांच्या वर्कशॉपमध्ये पत्रे ठोकायचं काम मिळालं. "मला बोटाने टेबलावर काढून दाखवायचे. हा असा कोपरा."

"पण तिरका का? कुठलं वर्कशॉप असा कापेल?"

"पत्रा संपला, लाह!" वाक्याला इथलं शेपूट जोडत ते म्हणाले. "युद्ध संपलं नव्हतं."

आजूबाजूचे हसले. ते मलाच हसले असं वाटलं. मी कागदावर लिहिलं: डावी बाजू, आधार नसलेली पट्टी, इतिहासाशी विसंगत. खाली सही. त्यांनी तो कागद चष्मा वर करून वाचला. मग मॉडेलशेजारचं छोटं कार्ड उलटं करून ठेवलं. त्यावर वडिलांचं नाव होतं. ते कार्ड मी आधीच वाचलं होतं.

चार महिन्यांनी लायब्ररीत एक जाडजूड पुस्तक चाळताना तो फोटो मला दिसला. चिखलाचं मैदान, तसंच विमान, डावी कूस, बंदुकीच्या तोंडापाशी पट्टी. कोपरा तिरका. मी भिंग आणलं. भिंगातूनही तिरकाच. मग मी त्या पानाची झेरॉक्स काढली, घरी नेली आणि फाइलमध्ये व्यवस्थित लावून ठेवली. पुराव्याची काळजी घ्यावी ती इन्स्पेक्टरनेच.

बायकोला दाखवलं. ती म्हणाली, "मग फोन करा ना त्यांना."

"बघू. प्रदर्शनात भेटतीलच."

"वीस वर्षांत सही मागे घेतलीत का कधी?"

"गरजच पडली नाही."

"हो ना. चुका काय त्या आमच्याच व्हायच्या."

पुढच्या वर्षी प्रदर्शनाला मी झेरॉक्स खिशात घेऊन गेलो. अंकलनी तेच मॉडेल आणलं होतं. मला पाहताच हाक मारली, "इन्स्पेक्टर, बघा, दुरुस्त केलं!" पट्टी नव्हती. घासून काढली होती आणि वर नवा रंग दिला होता. कार्डही नव्हतं. "तुम्ही खरी विमानं बघितलीत. बाबा म्हातारे झाले होते, विसरले असतील."

खिशात हात घालायला तेव्हा एक क्षण पुरला असता. पण परीक्षक म्हणून आलेले आणखी दोघं बाजूला उभे होते. मी मॉडेल उचललं, ड्रॉइंगशी ताडून पाहिलं. तंतोतंत जुळत होतं. मी पहिलं बक्षीस दिलं आणि प्रशस्तिपत्रावर सही केली. आयुष्यात इतकी सुबक सही माझ्या हातून झाली नव्हती.

त्यानंतर आम्ही हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, तीनदा कॉफी प्यायलो. प्रत्येक वेळी झेरॉक्स खिशात होती. पहिल्यांदा मी त्यांना गोंद कुठला वापरता ते विचारलं. दुसऱ्यांदाही गोंदच. तिसऱ्यांदा ते स्वतःच म्हणाले, "इन्स्पेक्टर, तुम्हाला गोंदाची फार काळजी," आणि घरून एक बाटली आणून दिली. ती अजून माझ्या टेबलावर आहे.

मग एका दुपारी क्लबातून निरोप आला, अंकल गेले. त्यांच्या ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत मांडव घातला होता. पुढे फोटो, अगरबत्त्या, संत्री, आणि फोटोशेजारी ते विमान. त्याच्यामागे चौकटीत ते प्रशस्तिपत्र, त्यावर माझी सही.

त्यांची मुलगी पुढे आली. "तुम्हीच ना इन्स्पेक्टर? बाबा सगळ्यांना सांगायचे, यांनी चूक दाखवली म्हणून पहिला नंबर आला."

मी वाकून विमान बघितलं. तिरप्या उजेडात डाव्या कुशीवर रंगाखाली कानशीचे ओरखडे दिसत होते. बाकी कोणाला दिसले नसते. माझा तर धंदाच तो.

"उत्तम मॉडेल आहे," मी म्हणालो. तिने इथल्या रीतीने मला शेंगदाणे दिले, मी ते खाल्ले, आणि बसने घरी आलो. बायकोने दार उघडून माझ्या खिशाकडे पाहिलं.

त्या मांडवात जे बोलायचं होतं ते फार लांब नव्हतं. गुडघा दुखत असतानाही उभ्याने बोलता आलं असतं. अंकल, तुमच्या वडिलांची पट्टी बरोबर होती. कोपरा तिरकाच होता. चूक माझी होती, आणि दुसऱ्या वर्षी सही करताना ती मला माहीत होती. मला माफ करा.