खिळ्यामागची ओल

मधल्या खोलीच्या भिंतीला तीस वर्षं ओल आहे. "तुमचीच गच्ची गळते!" म्हणत मी यांना दर उन्हाळ्यात वर पाठवायचे. हे बिचारे डांबर फासून यायचे.

काल प्लंबरने पोपडे खरवडले. "आजी, हा खिळा थेट पाइपात गेलाय. कुणी ठोकला?"

मीच. लग्नाचा फोटो लावायला. काय ती नव्या नवरीची फुशारकी, दोन घावांत खिळा आत!

"काढू नका. पाइप पार गंजलाय, धार लागेल."

आता चूक कबूल करायला हे कुठे आहेत? फोटो पुन्हा त्याच खिळ्यावर टांगला. ओल काचेआड यांच्या खांद्यापर्यंत चढलीय. फोटोत शेजारी उभी नवरी मात्र कोरडी ठणठणीत, ऐटीत बघतेय.