एक मुक्काम पुढं

घोडं म्हणजे बैल नव्हे. बैलाला चार काड्या टाका, तो उभ्या जागी रवंथ करत राहील, मालकाला एका शब्दानं बोलणार नाही. घोड्याचं तसं नसतं. भुई ओली असली की त्याचे खूर बिघडतात, खडकाळ असली की ते आडवं होत नाही, आणि पाण्याला वास आला तर तहानेनं व्याकूळ होईल पण तोंड लावणार नाही. एका घोड्याचे हे नखरे, तर बावीस घोड्यांचे किती असतील? त्या बावीस घोड्यांना मुक्कामाची जागा शोधून द्यायचं काम शिरवळचा रमजान करायचा. एक-दोन नव्हे, चांगली सव्वीस वर्षं.

दर साली दिवाळी झाली की सयाजीराव नावाचा व्यापारी वरच्या मुलखातल्या बाजारांतून घोडी आणि तट्टं घेऊन यायचा, शिरवळला गोळा करायचा आणि तिथून पायी सांगलीला न्यायचा. लढाईची वर्षं होती. पेट्रोल मिळत नव्हतं, मोटारी दारात गंजत होत्या, त्यामुळं टांगेवाल्यांचे दिवस आले होते. खंबाटकीचा घाट, सातारा, उंब्रज, कराड असं करत आठ मुक्काम. रमजान नेहमी तांड्याच्या पुढं. तांडा दाणापाणी करून, जीन-खोगीर आवरून निघायच्या कितीतरी आधी, पहाटेच तो सुटायचा, दुपारपर्यंत पुढचं गाव गाठायचा, जागा ठरवायचा आणि सडकेच्या फाट्यावर दगडावर दगड असे तीन रचून वर लिंबाचा डहाळा ठेवायचा. डहाळ्याचा शेंडा जिकडं, तिकडं तळ. मागून आलेला तांडा कुणालाही न विचारता बरोबर तिथं येऊन उतरायचा.

जागा बघायची त्याची तऱ्हा लोकांना हसू आणणारी होती. पायताण काढून तो आधी सगळी भुई अनवाणी तुडवायचा. मग भर दुपारी, चारचौघांत, खुशाल जमिनीवर उताणा पडायचा. पाठीला ओल लागते का, खडा टोचतो का, उतार कुठल्या अंगाला आहे, हे सगळं त्याला म्हणे पाठ सांगायची. शेवटी ओंजळभर पाणी तोंडात घेऊन डोळे मिटून बसायचा आणि मगच गिळायचा. "माझ्या पाठीला मानवली ती भुई घोड्याला मानवती," असं तो म्हणायचा. हसणारे हसोत बापडे, पण सव्वीस वर्षांत त्याच्या तळावर एका घोड्याचं पोट दुखलं नव्हतं. या गोष्टीचा त्याला इतका गर्व होता की विचारू नका.

पण गेली दोन वर्षं रमजानच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत होता. उजेड कळायचा, रंग कळायचा, माणूस आहे का खांब आहे ते मात्र आवाज आल्याशिवाय कळायचं नाही. हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. डोळे गेलेल्या माणसाला पुढं कोण धाडणार? सयाजीरावला नुसता वास लागला असता तर त्यानं रमजानला घरी बसवलं असतं, आणि घरी बसून कोंबड्या हाकण्यापेक्षा मेलेलं बरं, असं रमजानचं मत होतं. म्हणून तो डोळ्यांचं काम आठवणीवर रेटत होता. शिरवळपासून सांगलीपर्यंतची सगळी सडक, तिचे फाटे, ओढे, विहिरी, झाडं, सगळं त्याला पाठ होतं. त्या जोरावर मागचं साल निभावलंही होतं.

यंदा निघायच्या आदल्या दिवशी त्याची बायको रहिमतबी म्हणाली, "मीबी येती. शमशादला भेटून धा वर्सं झाली."

शमशाद ही तिची धाकटी बहीण, सांगलीला दिलेली. रमजाननं पुष्कळ कुरकुर केली. वाटेत ऊन लागेल, तुझे गुडघे दुखतील, घर कोण बघेल. रहिमतबीनं त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि भाकरी बांधायला सुरुवात केली. ती एकदा ठरवून बसली की मग अल्लामियाँनं येऊन समजावलं तरी ऐकायची नाही. पहाटे ती बोचकं घेऊन तट्टावर बसली, आणि रमजान लगाम धरून पायी निघाला.

आणि मग जी तिची टकळी सुरू झाली! "अगं बया, किती मोठा खड्डा ह्यो, डाव्या अंगाला. बैलगाडी येतीया बगा समोरनं, गवताची. हितं मोरीवरचा कठडा पडलाय की वो." पहिल्या दिवशी रमजान वैतागला. "तोंडाला जरा इसावा दे की," म्हणाला. दुसऱ्या दिवशी घाट उतरताना त्याच्या ध्यानात आलं की सडक चांगली असली की ती गप्प असते. दोन-दोन मैल एक अक्षर बोलत नाही. खड्डा आला, वळण आलं, गाडी आली की तिला कंठ फुटतो.

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का? रमजानला कळलं की हिला कळलंय. पण तो बोलला नाही, आणि तीही बोलली नाही. साताऱ्यापर्यंत दोघं नवराबायको मिळून ते एकच कोंबडं झाकत गेले.

चौथा मुक्काम नागठाण्याच्या अलीकडं, एका वाडीजवळ ओढ्याच्या काठी. ही जागा म्हणजे रमजानची लाडकी. ओढ्याला स्वच्छ वाहतं पाणी, काठाला मुरमाड सपाट भुई आणि तिला लागून गावचं गायरान. घोडी नुसती मोकळी सोडायची, पोटभर चरतात. रमजान तिथं पोचला, अनवाणी हिंडला, मुरमाड भुईवर उताणा पडला, पाणी चाखलं. पलीकडं नेहमीसारखं हिरवंगार दिसत होतं. हिरवं तेवढं त्याला दिसायचं. खूश होऊन त्यानं रहिमतबीला फाट्यावर नेलं, तिच्याकडून डहाळा तोडून घेतला आणि खूण रचून आला.

ती कळशी घेऊन ओढ्यावर गेली. तिथं धोंडुबाई नावाची वाडीतली एक बाई धुणं धूत होती. बायकांची ओळख व्हायला वेळ लागतो का? कुठल्या, कुठं चाललात, सोबत कोण, सगळं झालं. घोड्यांचा तांडा इथं उतरणार म्हटल्यावर धोंडुबाईनं हातातलं धुणं तसंच दगडावर ठेवलं.

"हितं नगा उतरवू, मावशी. माझी गाभण म्हस परवाच्या दिशी ह्या रानात शिरली. तोंडाला फेस आला, नि घटकाभरात गेली बगा."

रहिमतबी कळशी तिथंच टाकून परत आली. रमजान झाडाखाली बसला होता.

"आवं, ते गायरान न्हाई. सरकारनं धान्य वाडवा म्हनून सांगितलं, तर लोकांनी यंदा नांगारलं ते. जोंधळा केला, कापून नेला, नि आता त्या बुडख्यांना फुटवा आलाय. कवळा."

"येडी का खुळी तू? सव्वीस वरसं मी हितं घोडी चारतोय."

"चला. हात लावून बगा."

ती त्याला दंडाला धरून घेऊन गेली. दहा पावलांवर मुरूम संपला आणि त्याच्या अनवाणी पायाला कापलेल्या ताटाचं धसकट टोचलं. तो खाली बसला, चाचपलं, एक फुटवा उपटला. गवत नव्हतं ते. रुंद पान, जाड रसरशीत बुडखा. कोवळा जोंधळा जनावराला विष होतो, हे त्याला काय कुणी शिकवायला हवं होतं? सबंध जन्म जनावरांत गेलेला माणूस. बावीस घोडी सकाळच्या दाण्यावर दिवसभर चालत येत होती, आणि ह्या रानाचा रस्ता त्यानं स्वतःच्या हातानं दाखवून ठेवला होता.

"तुमी हितंच बसा. मी जाऊन खूण मोडून येती," रहिमतबी म्हणाली आणि लुगडं खोचून निघाली.

पण तिच्या आधी रमजानला ऐकू आलं. टापा. हवा गार असल्यानं तांडा लवकर आला होता, आणि फाट्यावरून आत वळलाही होता. घोड्यांना पाण्याचा वास लागला होता, हिरवं समोर दिसत होतं, ती आता कुणाच्या बापाला आवरणार नव्हती. रमजान आवाजाच्या रोखानं धावला, दोनदा ठेचकाळला आणि वाटेच्या मध्ये दोन्ही हात पसरून उभा राहिला. समोर त्याला फक्त तांबड्या-काळ्या रंगाचा एक लोंढा दिसत होता.

"थांबवा. मालक, थांबवा. म्होरं इख हाय."

सयाजीरावनं आपलं घोडं आडवं घातलं, घोडी सांभाळणाऱ्या मोतद्दारांनी लगाम खेचले. चांगलीच खेचाखेची झाली. सगळ्यांत पुढचं घोडं रमजानपासून दोन हातांवर येऊन फुरफुरत थांबलं. सयाजीराव मोठ्या रागाचा माणूस. त्याचं बोलणं कडाडल्यासारखंच असायचं.

"काय चाललंय, चाचा? खूण तुमीच ठेवलीया, नि तुमीच आडवं पडताय?"

रहिमतबी धापा टाकत येऊन पोचली होती. तिनं पटकन सांगून टाकलं, "मालक, त्यांचा काय दोस न्हाई. जागा चांगलीच हाय, पर रानाचा धनी आत्ता येऊन नको म्हनला."

थाप बरी होती. कुणीही गिळली असती. रमजानला नुसतं गप्प बसायचं होतं, की त्याची सव्वीस वर्षं आणि पुढची पाच-सहा वर्षं शाबूत राहत होती. त्याच्या तोंडावर घोड्याचा गरम श्वास येत होता. उद्या उंब्रज. परवा कराड. तिथलं काय काय बदललं असेल, कुठं काय पेरलं असेल, हे त्याच्या आठवणीला काय ठाऊक?

"खोटं बोलतीया ती," तो म्हणाला. "फुटवा हाय त्यो, जोंधळ्याचा. मी गवत समजलो, हिनं हात धरून दाखवलं. मला दिसत न्हाई, मालक."

घोडी खूर आपटत होती.

"कवापासनं?" सयाजीरावनं विचारलं.

"दोन वर्सं."

"म्हंजे मागल्या सालीबी?"

"व्हय."

सयाजीराव घोड्यावरून खाली उतरला. म्हणाला, "बरं. घोडी उपाशी हायत. आता उतरायचं कुठं, ते कोन सांगनार?"

ओढ्यापलीकडं धोंडुबाईची आमराई होती. रहिमतबी जाऊन तिला विचारून आली. बावीस घोड्यांची लीद रात्रभर आपल्या रानात पडणार म्हटल्यावर ती बाई हसतच हो म्हणाली होती, गवताच्या पेंढ्याही देते म्हणाली होती. तांडा ओढा उतरून तिकडं गेला. सावली दाट, पाणी हाताशी, खाली पाचोळ्याची गादी. मोतद्दार ओढ्याकडच्या अंगाला खुंट्या ठोकायला लागले.

रमजाननं पायताण घातलंच नव्हतं. सवयीनं तो झाडाझाडांतून हिंडला, आणि जित्याची खोड, पाचोळ्यावर आडवाही झाला. सगळे बघत होते. उठून म्हणाला, "तितं नगा बांधू. पाचोळ्याखाली चिखूल हाय. वरच्या अंगाला घ्या."

एका मोतद्दारानं पाचोळा पायानं बाजूला केला. खाली घोटाभर काळा चिखल निघाला. डोळे असलेल्या नऊ माणसांपैकी एकालाही तो दिसला नव्हता.

घोडी वरच्या अंगाला बांधली. पाणी प्याली, पेंढ्या खाल्ल्या, दोन-तीन तर चारी पाय वर करून लोळली. दिवस मावळताना चहा झाला. सयाजीराव पितळी हातात घेऊन रमजानसमोर येऊन बसला.

"चाचा, ज्याला दिसत न्हाई त्येला मी म्होरं धाडनार न्हाई. माझी घोडी हायत, खेळ न्हाई ह्यो. उद्यापासनं म्होरं चाची जाईल. आज तिच्यामुळं निभावलं."

रमजाननं मान हलवली. बरोबरच होतं ते, आणि म्हणूनच फार लागलं.

रहिमतबी चुलीपासून उठलीसुद्धा नाही. तिथूनच म्हणाली, "मी येकटी जाऊन काय करू? त्यो चिखूल मला कुठं दिसला? नि पानी चाखायचं मला कुठं कळतंय? का मी ह्या वयात पालखी आल्यागत गावाम्होरं भुईवर लोळू? न्यायचं तर दोघांस्नी न्या, मालक. न्हाई तर सकाळी मोटारीनं शमशादकडं जाती. तुमी बगा तुमच्या घोड्यांचं."

लढाईच्या दिवसांत सांगलीपर्यंत मोटार मिळायची मारामार होती, आणि हे सयाजीरावला पक्कं ठाऊक होतं. पण त्यानं ते बोलून दाखवलं नाही. तो पितळीतला चहा संपवून उठला. "उंब्रजला वाळवंटात नगा उतरू, तितं यंदा कलिंगडं लावल्यात म्हनं," एवढंच म्हणाला आणि घोड्यांकडं गेला.

रमजान चाचपत चुलीपाशी येऊन बसला. मग हळूच म्हणाला, "तुला कवा कळलं गं?"

"मागल्या ईदला. पाटलांनी वाळत घातलेल्या पागोट्याला तुमी वाकून सलाम केला, नि पोराबाळांची खुशाली इचारली."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमास्नी म्होरं जायाचं व्हतं," रहिमतबी म्हणाली. "मग म्हटलं, जाऊ या."

रमजानच्या डोळ्यांतून पाणी आलं. दिसत नसलं तरी त्या डोळ्यांना रडता येत होतं. त्यानं ते पुसायचा प्रयत्न केला नाही. वाडीच्या मशिदीत बांग झाली तसा तो नमाजासाठी हातपाय धुवायला उठला, ओढ्याच्या वाटेवर दोन पावलं गेला आणि थांबला. दोन वर्षांत त्यानं जे कुणाकडंही मागितलं नव्हतं ते मागितलं.

"हात दे," तो म्हणाला.